रोल नवा, डायल जुनीच

दोन महिन्यांपूर्वी याच पानावर मी लिहिलं होतं की एवढ्यात ब्लॅक अँड व्हाइटच्या बऱ्याच नव्या फिल्म आल्यात, कोणी टाकून बघितली असेल तर कळवा, आणि लिहून विसरूनही गेले. आता टेबलावर पत्रांची चळत पडलीये आणि निम्म्या पत्रांचा सूर एकच आहे, "ताई, पहिला रोल वाया गेला." बरं, नीट वाचलं की कळतं, फिल्मने कुणाचंच काही बिघडवलेलं नाहीये. असो, एकेक घेऊ. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीये, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी रामबागेत राहतो, बँकेतून रिटायर आहे. आठ वर्षं झाली, इलफर्डची ४०० ची एचपी५ फिल्म सोडून दुसरा रोल कॅमेऱ्यात टाकला नाही, आणि ते पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण उन्हाळ्यात इंदुरात बाहेर पडवत नाही. या वेळी केंटमिअर पॅन २०० चे दोन रोल मागवले. माझा कॅमेरा रिपेअरला होता म्हणून साडूंचा आणला. मे महिन्यात दुपारी साडेबाराला राजवाड्यासमोर उभा राहिलो, मीटर १/५०० ला एफ १६ दाखवत होतं, म्हटलं वा, काय प्रकाश आहे. रात्री घरीच धुतला, डी-७६ डेव्हलपर (फिल्मवर चित्र वर आणणारं द्रावण) पाण्यात एकास एक, अकरा मिनिटं, नेहमीसारखंच, पाणी बाथरूमच्या नळाचं. जरा कोमट वाटलं पण म्हटलं चालतंय. आता निगेटिव्ह अशी आहे की राजवाड्याच्या खिडक्या कोऱ्या काचेसारख्या आणि आकाश डांबरासारखं. मोबाइलवर उलटी करून बघितली तर फुलवालीचा चेहरा कोळसा, मागची भिंत पांढरीफटक आणि दाणा रव्यासारखा. फिल्मच्या काठावरचे आकडे मात्र काळेकुळकुळीत, एकदम ठळक. एक रोल शिल्लक आहे. साडू म्हणतात स्वस्तातली फिल्म आहे, अशीच येणार. खरं काय?

उत्तर: काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, रागावू नका, कारण चोर तुम्हीच पत्रात पकडून दिलाय. कडक ऊन असलं की लेन्सचं छिद्र एफ १६ ला लावायचं आणि जेवढा फिल्मचा आयएसओ (म्हणजे प्रकाश टिपायचा तिचा वेग) तेवढाच शटर ठेवायचा, हा हिशोब माझ्या बाबांनी मला मीटर हातात देण्याच्याही आधी पाठ करून घेतला होता (जेल रोडच्या एका बोळात त्यांचा छोटा स्टुडिओ होता, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात). म्हणजे २०० च्या फिल्मला मेच्या दुपारी १/२५० (डायलवर २०० च्या सगळ्यात जवळचा तोच) आणि एफ १६ यायला पाहिजे. तुमचं मीटर १/५०० म्हणत होतं. याचा अर्थ साडूंच्या कॅमेऱ्याची आयएसओची डायल ४०० वर होती, आणि तुम्ही ती बघितली नाहीत कारण आठ वर्षांत डायलला हात लावायचं तुम्हाला कधी कामच पडलं नाही. एक अख्खा स्टॉप प्रकाश कमी पडला, म्हणजे निम्माच मिळाला, आणि कमी प्रकाशाचा पहिला फटका सावल्यांना बसतो, म्हणून खिडक्या कोऱ्या.

आता पाणी. अकरा मिनिटं हा आकडा बरोबर आहे, पण तो एचपी५ चा आणि २० डिग्रीचा. डिसेंबरात आपल्या नळाला साधारण तेवढंच पाणी येतं म्हणून आठ वर्षं तुम्हाला थर्मामीटरची आठवण झाली नाही. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्री नऊलाही २८ च्या खाली उतरत नाही, आणि २८ ला अकरा मिनिटं म्हणजे २० च्या हिशोबात जवळजवळ बावीस मिनिटं. दुप्पट शिजवलात रोल. म्हणून आकाश डांबर, म्हणून रवा. आणि याचा पुरावा पण तुम्हीच दिलाय, ते काठावरचे आकडे. ते आकडे कारखान्यातच ठरलेल्या प्रकाशाने छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा आणि डायलचा त्यांच्याशी काही संबंध नाही, त्यामुळे ते फक्त धुण्याची गोष्ट सांगतात. आकडे फिके असले तर रोल कच्चा धुतला गेला, काळेकुळकुळीत असले तर जास्त, आणि आकडे ठीक पण चित्र पातळ असेल तर प्रकाश कमी पडला. कुठलीही निगेटिव्ह हातात आली की मी आधी काठ बघते, फोटो नंतर.

तर साडूंना सांगा, फिल्म निर्दोष सुटली. तुमची एचपी५ इंग्लंडात चेशरमधल्या मॉबर्लीच्या ज्या कारखान्यात बनते त्याच हार्मनवाल्यांच्या कारखान्यातून केंटमिअर पण येते, २०० ची ही नवी २०२५ मध्ये आली, त्याआधी १०० आणि ४०० च होत्या. स्वस्त आहे म्हणून हलकी असं समजायचं कारण नाही.

खरा घोटाळा असा की तुम्ही एका दमात सगळंच बदललंत, फिल्म बदलली, कॅमेरा बदलला, ऋतू बदलला, वेळ बदलली, आणि दोष कुणाला, तर जो नवीन आला त्याला. नवीन सुनेसारखं झालं हे. नवी फिल्म टाकताना फिल्म सोडून बाकी सगळं जुनं पाहिजे, तुमचाच कॅमेरा, तीच लेन्स, तोच डेव्हलपर, ओळखीची जागा.

दुसरा रोल असा वापरा. कॅमेरा रिपेअर होऊन येऊ द्या. सकाळी नऊच्या आत राजवाड्यावर जा, पोहे-जिलेबी नंतर खा, हाताला तेल लागलं की फिल्टरला लागतं. राजवाडा यासाठी फार छान आहे कारण त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, म्हणजे एकाच चौकटीत उन्हातला दगड आणि खिडकीतला अंधार दोन्ही मिळतात. घरच्या कुणाला तरी पांढरा कुर्ता घालून समोर उभं करा. ट्रायपॉड लावा आणि पाच फोटो, पहिला २०० च्या हिशोबाने, मग एक स्टॉप जास्त, दोन स्टॉप जास्त, एक कमी, दोन कमी. वहीत लिहा, लक्षात राहतं असं म्हणू नका, राहत नाही. मग थोडी इकडची तिकडची चित्रं काढा आणि तेच पाच फोटो परत, असं रोलमध्ये तीनदा. चेंजिंग बॅगमध्ये (आत उजेड न जाणारी पिशवी) रोलचे अंदाजे तीन तुकडे करा, एखादी फ्रेम कात्रीत जाईल, जाऊ द्या. पहिला तुकडा कंपनीच्या तक्त्यातल्या वेळेप्रमाणे धुवा, मग बघून दुसरा थोडा कमी किंवा जास्त, तिसरा हाताशी ठेवा.

बघायचं कसं, तर मोबाइलने फोटो काढून नाही. मोबाइल प्रत्येक फ्रेमला आपल्या मनाने उजळ-काळं करून टाकतो आणि पाचही सारख्या दिसायला लागतात, लॅबच्या ऑटो स्कॅनचं पण तेच. मोबाइलवर नुसता पांढरा स्क्रीन लावा, त्याच्यावर दोन बोटं वर निगेटिव्ह धरा आणि डोळ्यांनी बघा. ज्या सगळ्यात कमी प्रकाशाच्या फ्रेममध्ये खिडकीच्या आतली लाकडाची नक्षी जेमतेम दिसते, तो तुमच्या हातातला त्या फिल्मचा खरा आयएसओ. तो २०० च निघेल असं नाही, १०० निघाला तर पुढे डायल १०० वर ठेवायची, लाज वाटून घेऊ नका. मग त्याच फ्रेममधला पांढरा कुर्ता बघायचा, तो निगेटिव्हवर सगळ्यात काळा असतो. त्याच्या मागे वर्तमानपत्र धरलं आणि अक्षरं लागली तर धुणं बरोबर, नाहीच लागली तर वेळ कमी करा. बाबा यासाठी जुन्या पेपरचा एक कपटा कायम टेबलाच्या काचेखाली ठेवायचे.

आणि पाण्याचं म्हणाल तर माठ. खरंच सांगतेय. आपल्या माळव्यात हवा कोरडी असल्यामुळे मेमध्ये सुद्धा माझ्या माठातलं पाणी २३-२४ डिग्री भरतं. २४ ला वेळ साधारण तीस टक्के कमी करायची, म्हणजे अकराच्या जागी पावणेआठ, आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) व धुवायचं पाणी पण त्याच्याच आसपास ठेवायचं. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, मग डाग पडतात. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, आत्ता तर भरला होता माठ, अर्धा कसा झाला. मी गप्प बसले.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, माझ्याकडे आत्याचा जुना ऑटोमॅटिक कॅमेरा आहे ज्याला आयएसओ सेट करायचं बटणच नाही. मित्राने सिनेमाची डबल-एक्स फिल्म जुन्या डबीत भरून दिलीये. चालेल का?

उत्तर: चालेल, पण आधी डबी बघ. या कॅमेऱ्यांना डबीवरचे चांदीसारखे आणि काळे चौकोन वाचून आयएसओ कळतो. डबी साधी असेल, चौकोन नसतील, तर बहुतेक कॅमेरे १०० धरून चालतात. डबल-एक्स उजेडात २५० ची आहे, म्हणजे सव्वा-दीड स्टॉप जास्त प्रकाश बसेल, ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह तेवढं आरामात पचवते. घोळ तेव्हा होतो जेव्हा मित्राने रंगीत रोलची रिकामी डबी वापरलेली असते आणि तिच्यावर भलताच कोड असतो, तेव्हा त्या चौकोनांवर टेप चिकटव. आणि सिनेमाची फिल्म म्हणून लॅबवाला नको म्हणाला तर सांग, बऱ्याच रंगीत सिनेमा फिल्मच्या पाठीवर काजळीचा थर असायचा तसा डबल-एक्सला नसतो, तुमचं मशीन खराब होणार नाही.

प्रश्न: ताई, आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं असतं, चाळीस-पन्नास बायका येतात. या वर्षी मला मोबाइल न वापरता ऑर्थो फिल्मवर फोटो काढायचेत, जुन्या अल्बमसारखे दिसतात म्हणे. वापरू का? घरातले लोक घाबरवतायत.

उत्तर: घाबरवणाऱ्यांचं थोडं ऐका. ऑर्थो फिल्मला निळा आणि हिरवा दिसतो, लाल दिसतच नाही, आणि जे फिल्मला दिसत नाही ते प्रिंटवर काळं येतं. आता तुमचा कार्यक्रमच हळद आणि कुंकवाचा! पिवळ्या रंगात हिरव्याचा अंश असतो म्हणून हळद मध्यम करड्या रंगाची येईल, पण कुंकू काळंकुट्ट. लाल शालू, लाल चुडा, डाळिंबी पैठणी, सगळं काळं, आणि त्याच्यावर जरीचं काम मात्र लखलखणार, हे खरं तर फार सुंदर दिसतं. ओठ गडद येतात, उन्हाने रापलेली कातडी, वांग, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं जास्त उठून येतं. एका मुंजीत मी हौसेने असे फोटो काढले होते, आमच्या एका मावशीने तो फोटो बघून "ही कोण म्हातारी" असं विचारलं, तेव्हापासून मला मुंजीला कॅमेरा आणायला कोणी सांगत नाही.

त्यामुळे पहिला रोल चाळीस बायकांवर नको. आदल्या दिवशी गौर मांडून झाली की तिच्यावर दहा फ्रेम काढा, एका वाटीत हळद, एकीत कुंकू, शेजारी कैरीची डाळ, पन्ह्याचा पेला, हिरव्या बांगड्या. त्याच फ्रेम शक्य असेल तर साध्या पॅनक्रोमॅटिक (सगळे रंग दिसणाऱ्या) फिल्मवर पण काढा. दोन्ही निगेटिव्ह शेजारी ठेवल्या की कुठला रंग कुठे गेला हे तुम्हाला दहा मिनिटांत कळेल, जे मी इथे दोन पानं लिहून सांगू शकणार नाही. मग ठरवा.

इलफर्डची ऑर्थो प्लस ३५ एमएममध्ये २०१९ पासून मिळते. तिच्यावर ८० लिहिलंय ते दिवसाच्या उजेडासाठी, जुन्या पिवळ्या बल्बखाली ती ४० च समजायची, कारण त्या बल्बच्या उजेडात लाल जास्त आणि लाल हिला दिसत नाही. म्हणून खिडकीपाशी बसवा सगळ्यांना, संध्याकाळी सातच्या ट्यूबलाइटखाली नाही. एक मजा मात्र हिच्यातच आहे, गडद लाल दिव्याखाली ती डोळ्यांदेखत धुता येते. टाकीच्या अंधारात घड्याळ मोजत बसायच्या ऐवजी ट्रेमध्ये चित्र हळूहळू वर येताना बघायचं, घरातल्या पोरांना हे एकदा दाखवाच.

आणि जुन्या अल्बमसारखं म्हणालात ते बरोबरच आहे. राजा दीनदयाळ १८६६ पासून आपल्या इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, फोटोग्राफीचा नाद त्यांना इथेच लागला. त्या काळच्या काचेच्या प्लेटला तर मुख्यतः निळंच दिसायचं, म्हणून तेव्हाच्या फोटोंत आकाश इतकं कोरं असतं, माळव्यात ढग नव्हते असं नाही. ऑर्थोवर तुमचं आकाश पण थोडं तसंच येईल. रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) ही फिल्म न्यायची मला फार इच्छा आहे, गुलालाने माखलेली माणसं काळी पुतळ्यासारखी येतील असा माझा अंदाज आहे, पण तेवढ्या गर्दीत कॅमेरा घेऊन जायची हिंमत अजून झालेली नाही.

प्रश्न: डेव्हलपरची तयार पुडी इथे वेळेवर मिळत नाही, मागवली तर महिना जातो. घरी डी-७६ बनवता येईल का? नवीन फोमापान १०० घेतलीये, तिच्यासाठीच पाहिजे.

उत्तर: येईल की. कोडॅकने १९२७ मध्ये काढलेला फॉर्म्युला आहे, तेव्हापासून उघडाच आहे. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाऊण लिटर पाणी ५० डिग्रीच्या आसपास गरम करायचं, आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्यायचं, मग बाकीचं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स, आणि गार पाणी घालून लिटर करायचं. क्रम बदलू नका, सल्फाइट सगळं आधी घातलंत तर मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही. ग्लोव्ह्ज घाला, मेटॉलने काही लोकांच्या हाताला भयंकर खाज सुटते. एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा. गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतं.

आता जिथे लोक पडतात ते सांगते. दुकानात सल्फाइट मागा, सल्फेट नाही. एका अक्षराचा फरक, आणि पुडी दिसायला तशीच पांढरी. बाबांना एकदा दुकानदाराने सल्फेट बांधून दिलं आणि एका लग्नाचे दोन रोल जवळजवळ कोरे निघाले, नवरीच्या वडिलांना तोंड दाखवायला बाबा आठ दिवस गेले नाहीत. दुसरं म्हणजे लेबलवर अॅनहायड्रस लिहिलेलं बघा. खड्यासारखं पाणी धरलेलं सल्फाइट असेल तर त्याचं वजन बरोबर दुप्पट भरतं, म्हणजे १०० च्या जागी २०० ग्रॅम घ्यावं लागतं. आणि स्वयंपाकघरातला काटा दोन ग्रॅमला काही कामाचा नाही. सराफ्यात सोनारांकडे असतात तसले छोटे डिजिटल काटे मिळतात, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवतात, तो एक घेऊन टाका. (सराफ्यात दिवसा जा, रात्री गेलात तर काट्याऐवजी भुट्ट्याचा कीस खाऊन परत याल.)

पण, आणि हे आधी रामबागेच्या काकांना जे सांगितलं तेच आहे, घरच्या डेव्हलपरची पहिली बाटली नव्या फोमापानवर ओतू नका. आधी तुमच्या रोजच्या फिल्मचा एक तुकडा तिच्यात धुवा. तो नेहमीसारखा आला की मग नवी फिल्म. नाहीतर बिघडलं तर कोणाला धरणार, बाटलीला की रोलला? फिक्सरचं पण तसंच, रोलचं सुरुवातीचं जे जिभेसारखं टोक असतं ते कापून उजेडातच फिक्सरमध्ये टाका, किती वेळात पारदर्शक होतं ते मोजा, त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या.

प्रश्न: त्याच फोमापान १०० वर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं) रात्री काढल्या. मीटरने दहा सेकंद सांगितले, मी दहा दिले, काहीच आलं नाही.

उत्तर: कारण दहा पुरत नाहीत. खूप वेळ उघडं ठेवलं की फिल्म सुस्तावते, आणि प्रत्येक फिल्म वेगवेगळी सुस्तावते. फोमावाल्यांच्या स्वतःच्या तक्त्यात दहा सेकंदांना आठपट लिहिलंय, म्हणजे ऐंशी सेकंद. तिथे एचपी५ ला वीस सेकंदांत काम होतं, आणि फुजीच्या अॅक्रॉस २ ला दोन मिनिटांपर्यंत काही वाढवावंच लागत नाही. नवीन फिल्म घेतली की तिच्या माहितीपत्रकात हा तक्ता आधी शोधायचा. ऐंशी सेकंद द्या, छत्र्या कुठे पळून जात नाहीत, पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे आले की टोपीने लेन्स झाका आणि सेकंद मोजणं थांबवा.

प्रश्न: बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना इंदू कंपनीचा एक १२० चा रोल सापडला. खोक्यावरची तारीख पुसलीये. माझ्यासाठी ही नवीनच फिल्म आहे, आयुष्यात कधी वापरली नाही. आत्ता टाकली तर काही येईल का? त्यांचा बॉक्स कॅमेरा पण आहे. आई म्हणते ठेवून दे, कशाला.

उत्तर: इंदू म्हणजे आपल्याच सरकारची कंपनी, हिंदुस्थान फोटो फिल्म्स, उटीला १९६० मध्ये उभी राहिली आणि आता बंद पडली. लहानपणी मला वाटायचं हे नाव इंदूरवरूनच ठेवलंय, मी तसं शाळेत सांगितलं पण होतं. इंदू म्हणजे चंद्र हे बाबांनी नंतर सांगितलं.

टाकायच्या आधी एक काम करा. खोलीत मंद उजेड ठेवून रोल खोक्यातून काढा आणि फक्त बाहेरची चिकटपट्टी वाचा, उलगडू नका. कोरा रोल असेल तर पट्टीवर बहुतेक सुरुवातीची खूण असते, आणि वापरून झालेल्या रोलच्या पट्टीवर एक्सपोज्ड लिहिलेलं असतं. वापरलेला रोल परत खोक्यात ठेवायची सवय त्या पिढीत सगळ्यांना होती, सावकाश धुवायला देऊ म्हणून.

कोरा निघाला तर दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त प्रकाश हा ढोबळ हिशोब आहे, पण बॉक्स कॅमेऱ्याला शटर एकच आणि छिद्र एक-दोनच, त्यामुळे भर उन्हात, उघड्या मैदानात काढा आणि जास्त अपेक्षा ठेवू नका, करडं धुकं येणारच.

एक्सपोज्ड निघाला तर मात्र घाई अजिबात नको, आणि कुठल्याही लॅबच्या काउंटरवर देऊ नका. माठाच्या पाण्यावर भागवू नका, बर्फाच्या बादलीत बाटली ठेवून २० डिग्री करा. एचसी-११० सारखा कमी धुकं चढवणारा डेव्हलपर घ्या, बेंझोट्रायझोल मिळालं तर एक टक्क्याच्या द्रावणाचे थोडे थेंब त्यात टाका, त्याने धुकं अजून दबतं. शेवटचं धुणं इन्व्हर्टरच्या बॅटरीला आणतो त्या पाण्यात करा म्हणजे खाराचे डाग पडणार नाहीत. फिल्मच्या पाठीमागचा जुना कागद तिला चिकटलेला असू शकतो, अंधारात ओढाताण करू नका, हळूहळू सोडवा.

आणि त्या दिवशी आईंना घरी थांबायला सांगा. निगेटिव्ह ओली असतानाच खिडकीपाशी धरून त्यांना दाखवा. फोटोत कोण आहे ते उलट्या काळ्या-पांढऱ्यात तुम्हाला नाही ओळखू येणार, त्यांना येईल.